बायो घेऊ का, मॅडम?

वानखडे मॅडमनी मला पहिला प्रश्न विचारला तो बसमध्ये. मी राहतो पांढुर्ण्याला आणि शिकवतो सौंसरच्या शाळेत, कॉमर्स. तेव्हा नोकरी नवी होती आणि मॅडमची ओळख 'फिजिक्सच्या मॅडम' एवढीच. त्या पांढुर्ण्यातलं काही काम उरकून परत चालल्या होत्या. माझ्या शेजारी येऊन बसल्या, पर्स मांडीवर घेतली आणि बस स्टँडाबाहेर पडायच्या आत म्हणाल्या,

"सर, तुम्ही कॉमर्सचे ना? मंग हे सांगा, डेबिट डावीकडंच काहून लिहितात?"

मी एम. कॉम. झालेला माणूस. हे मला कोणी सांगितलं नव्हतं आणि मीही कोणाला विचारलं नव्हतं. "तशी पद्धतच आहे," मी म्हणालो.

"ते झालं. पण पहिल्यांदा कोणी पाडली ती पद्धत? त्याला उजवीकडं लिहावंसं काहून नाई वाटलं?"

मी सौंसर येईपर्यंत झोपेचं सोंग घेतलं. दुसऱ्या दिवशी स्टाफरूममध्ये त्यांनी विचारलं, "सापडलं काय?" नंतरही त्या अधूनमधून विचारत राहिल्या, अगदी गोड आवाजात, उसने दिलेले डबे परत मागावेत तसं. शेवटी मी जुनी पुस्तकं चाळली. नीट उत्तर काही मिळालं नाही, पण ज्या विषयावर माझं पोट चालतं त्यात मला पहिल्यांदा रस वाटला. हे मी त्यांना कधी बोलून दाखवलं नाही. दाखवलं असतं तर त्यांनी लगेच पुढचे दोन प्रश्न काढले असते.

मॅडमचं चरित्र सांगावं एवढी माहिती माझ्याकडे नाही. माहेर मोहगावचं, यजमान सरकारी नोकरीत, मुलगा पुण्याला. बुटक्या, भराभर चालणाऱ्या, चष्मा कायम नाकाच्या शेंड्यावर आलेला. तो वर ढकलायची सवय त्यांना नव्हती, मान मागे करून त्या समोरच्याकडे पाहत. त्यामुळे त्यांच्या नुसत्या पाहण्यातही प्रश्न असल्यासारखं वाटायचं. आणि प्रश्न असायचाच. एकदा कंडक्टरला विचारलं, "ब्रेक मारला का आम्ही सारे पुढं फेकले जातो, तू कसा नाई जात?" तो म्हणाला, "सवय झाली, मॅडम." लगेच पुढचा प्रश्न, "कोणाला सवय झाली, पायाला का डोक्याला?" त्या दिवशी कंडक्टरने आमची तिकिटं फाडायला बराच वेळ लावला. तो दाराशी उभा राहून स्वतःच्या पायांकडे पाहत होता.

दुसऱ्याला असं विचारात पाडायचं आणि आपण मजेत राहायचं, ही त्यांची खोड. वर्गातही तेच. आमच्याकडे संत्र्यांना तोटा नाही. एका हिवाळ्यात त्यांनी वर्गात फुगा फुगवला, संत्र्याची साल त्याच्याजवळ नेऊन पिळली आणि फुगा फट्‌कन फुटला. पोरं खूश. मॅडमनी विचारलं, "काहून फुटला?" कोणी म्हणालं सालीचा धक्का लागला, कोणी म्हणालं आंबटपणाने. मॅडमनी ना हो म्हटलं ना नाही. घंटा झाली, त्या निघून गेल्या. नंतर कित्येक दिवस पोरांनी घरोघर फुग्यांवर काय काय लावून पाहिलं ते विचारू नका. लिंबू, मोसंबी, साखरेचं पाणी, आईचं डोक्याचं तेल.

त्यातली दोन-तीन पोरं एका शनिवारी जामसांवलीला मारुतीच्या दर्शनाला गेली ती खिशात साली घेऊन. तिथे एका फुगेवाल्याचा अख्खा झुपका त्यांनी फस्त केला. त्याने पोरं धरली, पोरांनी मॅडमचं नाव सांगितलं आणि तो सोमवारी शाळेच्या फाटकात हजर. आमचे प्राचार्य लाल झाले. मॅडमनी त्या माणसाला बसवलं, चहा पाजला, त्याची भरपाई केली आणि पुढच्या शनिवारी त्या पोरांना घेऊन स्वतः जामसांवलीला गेल्या. दिवसभर पोरांनी त्याचे फुगे फुगवून विकायचे, अशी शिक्षा. पोरांचे गाल दुखून आले. सोमवारी मी विचारलं, कसं काय झालं? मॅडम म्हणाल्या, "सर, मोठा फुगवलेला फुगा लवकर फुटते अन ढिला फुगा उशिरा. मी तं हे पाह्यलंच नव्हतं." शिक्षा पोरांची आणि शिकून आल्या मॅडम. फुगा का फुटतो ते शेवटी एका मुलीनेच सांगितलं. तिच्या रबरी चपलेवर साली पडून राहिल्या होत्या आणि तिथला पट्टा चिकट झाला होता. सालीतलं तेल रबर विरघळवतं, असं तिने उभं राहून सांगितलं तेव्हा मॅडमनी सगळ्यांत आधी टाळ्या वाजवल्या.

असं असलं तरी त्यांचा खरा हंगाम जूनचा. दहावी पास झालेली पोरं अकरावीत नाव घालायला येत. बायो, मॅथ, कॉमर्स, कृषी, आर्ट यातलं एक घ्यायचं असे. कॉमर्सच्या टेबलाशी मी माशा मारत बसे, कारण आमच्या गावांत ज्याला त्याला डॉक्टर व्हायचं असतं, निदान दहावीच्या निकालापासून अकरावीच्या पहिल्या चाचणीपर्यंत. बायोच्या शिक्षकांकडे रांग लागायची, पण ते पोरांना आधी व्हरांड्यातल्या बाकाकडे पाठवत. तिथे वानखडे मॅडम बसलेल्या असत. त्यांना हे काम कोणी दिलेलं नव्हतं. त्यांनी ते घेतलं होतं आणि कोणी काढून घेतलं नव्हतं.

"बायो घेऊ का, मॅडम?" पोरगं विचारी.

मार्क त्या विचारत नसत. "तुझ्या घरी कोणी आजारी पडलं होतं काय? मंग तू काय करून राहिला होता तेव्हा?" असं विचारत. एक पोरगा म्हणाला, मी मोबाइल पाहत होतो. एक मुलगी म्हणाली, मला रक्त पाहून चक्कर येते, म्हणून मी बाहेर पळाली. तिची आई ओशाळली. मॅडम म्हणाल्या, "त्याचं काई नाई. किळस जाते, भेव जाते. कंटाळा जात नाई. तुला कंटाळा कशाचा येते ते पाह्य आधी." एका पोराने तर खरंच सांगून टाकलं की डॉक्टरच्या गाडीवर ते लाल चिन्ह असतं ना, ते मला आवडते. त्याच्या बापाने कपाळावर हात मारला. मॅडमला मात्र ते पोरगं फार आवडलं. त्यांनी त्याला जवळ बसवून गाडी कोणती, रंग कोणता, चालवणार कोण, सगळं विचारलं. त्या पोराने शेवटी मॅथ घेतलं आणि आज तो गाड्यांच्याच शोरूममध्ये आहे.

पण बाकावरून उठताना कोणालाही उत्तर मिळालेलं नसे. पालक वैतागत. एक बाप चिडून म्हणाला, "मॅडम, एवढं विचारून राहिल्या, आता एका शब्दात सांगा ना, बायो का मॅथ?" मॅडम शांतपणे म्हणाल्या, "मी सांगीन, अन अभ्यास कोण करीन?" तो बाप पुटपुटत गेला. मलाही वाटे, ही बाई जरा अतीच करते. इतक्या वर्षांचा अनुभव आहे, पोरगं पाहिलं की कळतं, मग सांगायला काय जातं? हा भुंगा माझ्या डोक्यात बरेच दिवस होता, आणि त्याचं उत्तर मला पांढुर्ण्यातच, माझ्या घरापासून जवळ मिळालं.

आमच्या बाजारात एक कापडाचं दुकान आहे. दिवाळीच्या आधी मॅडम दरवर्षी सौंसरहून येऊन तिथूनच कापड घेत. सौंसरात दुकानं नाहीत अशातला भाग नाही. एकदा मी आणि बायको त्याच वेळी तिथे होतो. गल्ल्यावर मालकीण बसली होती, सगळ्यांशी हसून बोलणारी बाई. मॅडम पायरी चढल्या तशी ती मुलाला म्हणाली, "यांना दाखव," आणि उठून आत गेली. मुलगा, निखिल त्याचं नाव, अगदी आदराने उठला, पाया पडला, कापडाचं थान उलगडू लागला. मॅडम त्याला विचारत होत्या, नवा इन्व्हर्टर कसा चालतो, तूच बसवला काय, तार कोणती घातली. तो उत्साहाने सांगत होता. आतून मालकीण बाहेर आली नाही.

मॅडम गेल्यावर माझ्या बायकोने विचारलं आणि मालकीण धडाधडा बोलली. निखिल दहावीत गणितात पहिला. घरच्यांना डॉक्टर पाहिजे होता. पोरगा घोळात होता. तेव्हा हे सगळे मॅडमकडे गेले आणि मॅडमनी सांगितलं, बायो घे, तुला जमेल. "त्यायच्या शब्दावर बायो दिलं," ती म्हणाली. बारावीनंतर नागपूरला क्लास लावला. एकदा परीक्षा दिली, पुन्हा दिली, आणखी दिली. नंबर लागला नाही. पोरगा वाळत गेला, मग एक दिवस पेटी घेऊन परत आला आणि गल्ल्यावर बसला. "मॅथ घेतलं असतं तं इंजिनिअर असता माया पोरगा," ती म्हणाली. निखिल तिथेच मीटर लावून कापड मोजत होता. तो म्हणाला, "आई, राहू दे न." ती म्हणाली, "राहू कशी देऊ?"

मी कधी मॅडमकडे हा विषय काढला नाही. त्यांनीच एकदा काढला, पांढुर्ण्याच्या स्टँडवर त्यांच्या परतीच्या बसची वाट पाहताना. "मला तो हुशार दिसला, सर. हुशार होताच. पण त्याला कशाचं वेड होतं ते मी विचारलंच नाई. मार्क पाह्यले अन सांगून टाकलं." मग म्हणाल्या, "त्या बाई मला पाहून आत जातात. जाऊ देत. मी दुकान बदलणार नाई." मला त्या दिवशी मॅडमबद्दल फार वाईट वाटलं आणि त्यांच्या बाकाचा रागही कायमचा गेला.

आणि मग रूपाली आली. मोहगावकडच्या एका शेतकऱ्याची मुलगी, कृषी घेऊन अकरावीत होती. कृषीच्या पोरांना थोडं फिजिक्स असतं, ते मॅडम शिकवत. ऑगस्टात एकदा मधल्या सुट्टीत तिने मॅडमना गाठून विचारलं, "मॅडम, हे जे तुम्ही शिकवून राहिल्या, ते नीटच्या परीक्षेत येते काय?"

"तुले नीट कायले पाह्यजे? तू तं कृषीत हाय."

"डॉक्टर व्हायचं हाय न."

मी शेजारीच उभा होतो. मॅडमनी चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं. कृषी घेऊन एमबीबीएसच्या परीक्षेला बसता येत नाही. त्यासाठी फिजिक्स, केमिस्ट्री आणि बायो लागतं. पुढेमागे आणखी पेपर देऊन काही जुळवता येत असेलही, पण ते दोन वर्षं घालवून. हे त्या पोरीला ठाऊकच नव्हतं. तिच्या मामाने सांगितलं होतं की कृषीत झाडं येतात, ढोरं येतात, थोडं फिजिक्स, थोडं केमिस्ट्री, सारंच येतं, म्हणजे पुढचे सारेच रस्ते मोकळे. संत्रा-कापसाच्या घरात हे पटायला कितीसा वेळ लागतो? एकाच झोळीत सगळं मिळत असेल तर कोण सोडेल. आमच्याकडे दरवर्षी एखादं तरी पोरगं असं फसतं.

मॅडमनी नेहमीप्रमाणे विचारायला सुरुवात केली. डॉक्टर कशाला? मुलगी म्हणाली, आजीच्या पायाला साखरेच्या आजाराची जखम आहे, रोज मीच धुते, पट्टी करते. किळस येते काय? "पह्यले आली. आता पाहावंसं वाटते." काय पाहावंसं वाटते? "ते आतून भरून राह्यलं का कडंनं, ते समजत नाई. दवाखान्यात डॉक्टर बाबाले बाजूले नेऊन सांगतात. मले कोणी सांगत नाई. ते काय बोलतात ते मले समजाले पाह्यजे." मॅडमचा चेहरा असा खुलला की मला फुग्यांची शिक्षा आटपून त्या आल्या तो सोमवार आठवला. जखम कडेनं भरते की आतून, हे मॅडमनाही माहीत नव्हतं. त्या तिला तिथेच सोडून तडक बायोच्या सरांकडे विचारायला गेल्या.

तिला मात्र त्यांनी काही सांगितलं नाही. स्टाफरूममध्ये येऊन बसल्या. मला म्हणाल्या, "सर, चुकीच्या बसमध्ये कोणी बसलेलं दिसलं तं तुम्ही काय करता?"

"सांगतो, उतर म्हणून."

"अन मंग ते माणूस दुसऱ्या बसमध्ये बसलं, अन ती बस रस्त्यात बंद पडली तं?"

मी म्हणालो, मग ड्रायव्हरचा दोष. त्या हसल्या नाहीत. विषय बदलायची शेवटची तारीख पोळ्याला लागूनच होती. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पांढुर्णा-सावरगावची गोटमार, म्हणजे नदीच्या दोन काठांवरून दगडफेकीची जत्रा, त्या दिवशी रस्ते बंद, शाळा बंद. त्याच्या दुसऱ्या दिवशी बापाने येऊन सही केली नाही तर रूपालीला दोन वर्षं कृषीतच काढायची होती. मॅडमनी बापाला दोनदा निरोप पाठवला. तो आला नाही.

पोळ्याच्या सकाळी मला फोन आला. "सर, गाडी घेऊन येता काय? मोहगावकडं जाऊ." घरात पुरण शिजत होतं. बायकोने माझ्याकडे पाहिलं ते मी इथे लिहीत नाही. मी गेलो.

रूपालीचे वडील, देवरावभाऊ, अंगणात बैलांची शिंगं रंगवत होते. "या मॅडम, बसा. पण आज काई टाइम नाई, पाहा. बैल सजून राह्यले." आम्ही बाजेवर बसलो. ओसरीत रूपालीची आजी पाय लांब करून बसली होती. रूपाली दारात उभी होती, हात पिठाचे.

मॅडमनी बैलाच्या पाठीवर हात फिरवला. "भाऊ, हा आजारी पडला तं कोणाला बोलावता?"

"ढोरायच्या डॉक्टरले."

"अन आईचा पाय त्यायलाच दाखवता काय?"

"काई बी काय, मॅडम. ढोरायचे येगळे, मान्सायचे येगळे."

"काहून? रूपालीच्या मामानं तं सांगितलं, सारं सायन्स एकच."

देवरावभाऊंचा हात थांबला. मॅडमच्या निरोपातून त्यांना थोडंफार कळलं असावं, कारण त्यांनी 'काय' म्हणून विचारलं नाही. एक शिंग लाल झालं होतं, दुसरं तसंच होतं. त्यांनी कुंचला डब्यावर आडवा ठेवला. मग म्हणाले, "म्हंजे कृषीतून ते होत नाई म्हणता. मंग मॅडम, आता तुमीच सांगा. बायो म्हणान तं बायो देतो. तुमच्या शब्दावर."

मी मॅडमकडे पाहिलं. त्यांचा हात बैलाच्या पाठीवरून खाली आला. इतक्या वर्षांत त्यांना काही विचारलं आणि त्यांच्याकडे उलटा प्रश्न नाही, असं मी पहिल्यांदा पाहत होतो.

"माया शब्द धरू नका, भाऊ," त्या म्हणाल्या. "मी एकदा एका पोराला शब्द दिला होता, अन तो वाया गेला. मी सांगते ते नीट ऐका. कृषीतून डॉक्टर होता येत नाई, हे पक्कं. बायोतून होता येते, पण होईनच असं नाई. ढीगभर पोरं बसतात, थोडी लागतात. वर्षं जातात, घरात वाद होतात. कृषी काई हलकं नाई. तुमची बाग हाय, तिच्या कामी येईन, नोकरी बी लागीन. तुमच्या पोरीला काय जमीन ते मला माहीत नाई. मी तिची जखम धुण्याची गोष्ट ऐकली, तेवढंच मला माहीत हाय."

"मंग मी काय करू?"

"तिला विचारा."

"तिले काय समजते? सोळा वर्साची पोट्टी."

ओसरीतून आजी बोलली, "माया पाय समजते तिले. तुले समजते काय?"

रूपाली अंगणात आली. हात पुसले नव्हते, पीठ तसंच होतं. "बाबा, मी बायो घेतो. नाई झाली डॉक्टर, तं मी मॅडमचं नाव घेणार नाई. तुमचं बी नाई."

बापाने कुंचला डब्यात बुडवला आणि दुसरं शिंग रंगवायला घेतलं. ते पूर्ण झालं तेव्हा म्हणाले, "परवा येतो सही कराले. जेवून जा आता." आम्ही पुरणपोळी खाल्ली. घरी येऊन मला पुन्हा खावी लागली, पण ते वेगळं.

परतताना गाडीवर मागे बसून मॅडम एकही प्रश्न विचारत नव्हत्या, त्यामुळे मलाच चुकल्यासारखं वाटलं. मी म्हणालो, "आता बरं वाटलं ना? पोरीनं स्वतः ठरवलं."

"सोळा वर्षांची आहे, सर. आज म्हणते नाव घेणार नाई. दोन वेळा नापास झाल्यावर काय म्हणीन, ते तिला बी माहीत नाई."

देवरावभाऊ आले, सही झाली, रूपाली बायोत गेली. मागे पडलेला अभ्यास भरून काढताना तिच्या नाकी नऊ आले. मॅडम तिला सुट्टीच्या दिवशी घरी बोलवून फिजिक्स शिकवत. मी कधी गेलो तर दोघी कुठल्या तरी प्रश्नावर भांडत असत आणि चहा ओट्यावर निवत असे. बारावीत तिला चांगले मार्क मिळाले. नीटचा निकाल आला तेव्हा मार्क पुरले नाहीत. थोड्याने हुकलं असंही नाही, बऱ्यापैकी हुकलं. ती मोहगावलाच राहून पुन्हा अभ्यासाला बसली. मॅडम त्याच सुमारास निवृत्त झाल्या. रूपालीने मॅडमकडे येणं थांबवलं आणि मॅडमनीही तिला बोलावलं नाही. मला म्हणाल्या, "मी दिसली का तिला लाज वाटीन. तिचं तिला करू द्या." पण त्या मला फोन करून तिच्याबद्दल विचारत. ती कशी आहे, मोहगावकडचं कोणी पोरगं शाळेत आलं होतं काय, काही बोललं काय. घरी आजी वारली, हे त्यांना माझ्याकडूनच कळलं. आणि या वर्षी दुसऱ्यांदा निकाल आला, तोही पुरला नाही, हेही मीच त्यांना सांगितलं. फोनवर त्या नुसतं "बरं," म्हणाल्या.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी शाळेत प्रवेश सुरू झाले. मी माझ्या टेबलाशी माशा मारत होतो. रूपाली आली होती, शेजारच्या एका मुलीचं नाव घालायला. त्या मुलीची आई बरोबर होती. रांग मोठी होती म्हणून त्या व्हरांड्यातल्या बाकावर बसल्या. पेन्शनचा काही कागद घ्यायला वानखडे मॅडमही त्याच दिवशी ऑफिसात आल्या होत्या. बाकाच्या मागच्या खिडकीपाशी, आतल्या खुर्चीवर त्या बसल्या होत्या. रूपालीला त्या दिसत नव्हत्या. मला दोघी दिसत होत्या.

मुलीने विचारलं, "ताई, तुमचं लागलं काय?"

"नाई लागलं. दोनदा नाई लागलं."

तिची आई लगेच म्हणाली, "पाह्य. म्हणून म्हणते, बायो नको."

मुलगी रूपालीकडे वळली. मग तिने विचारलं, "तुमाले कोणी सांगितलं होतं बायो घ्याले?"

खिडकीच्या आत मॅडम हलल्या नाहीत. रूपालीने क्षणभर विचार केला असंही नाही.

"कोणी नाई. मी घेतलं."

"मंग आता पस्तावा वाटते?"

"मार्काचा वाटते. बायोचा नाई. आजीची जखम कशी भरत होती अन कायले थांबली, ते आता मले समजते. मले आणखी समजून घ्यायचं हाय, म्हणून पुन्हा देऊन राह्यली. पण तू माया तोंडाकडं पाहून घेऊ नको. तुले कशाचा कंटाळा येते, ते पाह्य आधी."

मी माझ्या टेबलावरचे कागद उगाच सारखे केले, कारण मला दुसरं काही करता येत नव्हतं. मॅडम ऑफिसातून बाहेर आल्या. त्यांचा कागद अजून मिळाला नव्हता हे मला नंतर कळलं. महिन्याभरात त्या मुलाकडे पुण्याला गेल्या, त्यामुळे मी त्यांना प्रत्यक्ष पाहिलं ते त्या दिवशीच शेवटचं. चष्मा त्यांनी काढून हातात धरला होता. रूपालीने त्यांना पाहिलं आणि ती गडबडून उभी राहिली. मला वाटलं, आता मॅडम विचारणार, किती मार्क, कुठे चुकलं, पुढे काय. त्यांनी काहीच विचारलं नाही. तिच्या डोक्यावर हात ठेवला, बराच वेळ तो तसाच राहू दिला, आणि मग त्या फाटकाकडे चालू लागल्या.